शेवटचं नीट कधी बोलले

आमच्या शिवणाच्या दुकानात माणसं तीन. मास्तर, म्हणजे माझे यजमान, कापड कापतात. मी काजं करते आणि बटणं लावते. आणि मास्तरांची थोरली बहीण, माझ्या वन्सं, आम्हा दोघांच्या मधल्या स्टुलावर बसून तुरपाई करतात. ही मधली जागा त्यांना उगाच मिळालेली नाही. आम्हा नवराबायकोच्या अबोल्याने मिळवून दिलीय.

त्या दिवशी अबोल्याचा तिसरा दिवस होता. कारण काय, तर काजाचं मशीन. मी म्हटलं, मशीन घ्या, मला आता सुईतला दोरा दिसत नाही. मास्तर म्हणाले, मशीनचं काज म्हणजे कापडाला पाडलेलं भोक, ते माझ्या दुकानात चालणार नाही. मी म्हटलं, मग मीही तुमच्या दुकानात चालणार नाही. झालं, दोघांची तोंडं मिटली. बरं, चालणार नाही म्हणून जाते कुठे, दुसऱ्या दिवशी सकाळी मी आपली जागेवर हजर.

आमच्यात आरडाओरडा नसतो. अबोला असतो आणि तो नेमाने पाळला जातो. पण दुकान तर चाललं पाहिजे. मग मी म्हणायचं, "वन्सं, त्यांना सांगा, अस्तर संपलंय." मास्तर चार हातांवर उभे. त्यांना सगळं ऐकू गेलेलं असतं. तरी वन्सं मान वळवून सांगणार, "अरे, अस्तर संपलंय म्हणते." मास्तर काहीतरी पुटपुटणार. मग वन्सं माझ्याकडे वळून, "उद्या आणतो म्हणतो."

पुटपुटणार, कारण मास्तरांच्या तोंडात कायम टाचण्या. ओठांच्या कोपऱ्यात चार-सहा टाचण्या धरल्याशिवाय त्यांचा हात चालत नाही. गिऱ्हाईक आलं किंवा फोन करायचा असला की तेवढ्या काढायच्या, मनगटावर बांधलेल्या छोट्या उशीत खोचायच्या. आमच्या वाट्याला मात्र हूं, अंहं, आणि नाकातून येईल ते. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, मला त्यातलं निम्मं कळतं. वन्संना सगळं कळतं, असं मी धरून चालले होते.

तर दुपारची जेवणं झाली. मी मुद्दाम जरा मोठ्याने म्हटलं, "वन्सं, विचारा, ह्या कोटाची खालची दुमड किती ठेवायची?" वन्संनी विचारलं. मास्तरांनी पाठमोरं राहूनच काहीतरी उत्तर दिलं.

"दीड इंच ठेव म्हणतो," वन्सं म्हणाल्या. "आणि म्हणतो, डोळे दुखत असतील तर पड जरा."

मी मनात म्हटलं, आलं वाटतं डोकं ठिकाणावर. पण एवढ्याने विरघळणारी मी नाही. मान खाली घालून मी काज चालूच ठेवलं.

बऱ्याच वेळाने कात्री जमिनीवर पडली. मास्तरांची ती कात्री कुणी हातात घेतलेली त्यांना खपत नाही, आणि त्यांच्या स्वतःच्या हातून ती पडलेली मी कधी पाहिली नव्हती. ते तिच्याकडे नुसते बघत राहिले. मग काहीतरी पुटपुटले.

"धार गेलीय म्हणतो," वन्सं म्हणाल्या.

मी उठून बघितलं. टेबलावर गिऱ्हाइकाचं चांगलं सुटाचं कापड, आणि त्यावर मास्तरांची खडूची रेघ. ती रेघ वाकडीतिकडी होत कापडाच्या कडेवरून खाली टेबलावर गेली होती. माझं टाळकं सरकलं. "वन्सं, त्यांना विचारा, राग माझ्यावर आहे तर कापडावर का काढताय?"

तेव्हा ते वळले. ओठ हलले, तसंच गुळगुळीत काहीतरी बाहेर आलं. आणि मला दिसलं, टाचण्या सगळ्या मनगटावरच्या उशीत होत्या. तोंडात एकही नव्हती. तोंडाची उजवी बाजू खाली ओघळली होती आणि तिथून लाळ गळत होती.

वन्सं म्हणाल्या, दमलाय, साखर कमी झाली असेल, आणि साखरेचं पाणी करून आणलं. स्वतःची लाळ ज्याला सावरत नाही त्याला ह्या पाणी पाजायला निघाल्या. मी तो पेला हिसकावला खरा, पण मीही काही मोठी शहाणी नाही. मीसुद्धा म्हटलं, जरा पडू द्या, बघू. कापडाच्या ठाणांवर त्यांना आडवं केलं आणि आम्ही दोघी बघत बसलो. काय बघत होतो देव जाणे. उजवा हात पोटावरून घसरून खाली पडला आणि त्यांनी तो उचलला नाही, तेव्हा मी ॲम्ब्युलन्सला फोन केला. पलीकडून उत्तर आलं, गाडी बाहेर गेलीय, आली की पाठवतो.

आमच्या शेजारी लाँड्री आहे. तिच्या मालकाला सगळी गल्ली इस्त्री म्हणते, कारण त्याच्या चेहऱ्यावर सुखाची की दुःखाची, कसलीच सुरकुती कुणी पाहिलेली नाही. त्याने एकदा मास्तरांकडे बघितलं, एक शब्द बोलला नाही, आणि आपली कपडे पोचवायची गाडी दुकानाच्या दाराला आणून लावली. पुढच्या सीटवर वन्सं. मागे मास्तर, मी, आणि डोक्यावर टांगलेले लोकांचे शर्ट. प्रत्येक वळणावर ते शर्ट आमच्या तोंडावर येत होते. मी इस्त्रीला म्हणत होते, जोरात घे रे बाबा. वन्संना म्हणत होते, रडू नका. मास्तरांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि त्यांच्याशी मी अवाक्षर बोलले नाही. माज म्हणा, सवय म्हणा, तोंड उघडलंच नाही.

हॉस्पिटलच्या दारात वॉचमन आडवा आला. मालाच्या गाड्या मागच्या गेटने. इस्त्री म्हणाला, माल नाही, माणूस आहे. वॉचमन वाकून बघतो तर शर्टच शर्ट. मी शर्टांतून डोकं बाहेर काढून त्याला असं काही बोलले की तो बाजूला झाला.

आत चाकाच्या खुर्च्या होत्या, ओळीने, साखळीने बांधलेल्या. किल्ली ज्याच्याकडे तो चहाला गेलेला. इस्त्रीने वाट बघितली नाही. गाडीतली कपडे न्यायची चाकांची ट्रॉली काढली, मास्तरांना उचलून तिच्यात बसवलं आणि ढकलत थेट खिडकीपर्यंत नेलं. गुडघे पोटाशी घेऊन बसलेला माझा नवरा, पाच गावच्या कोटांना आकार देणारा माणूस, आणि लोक वळून वळून बघतायत.

खिडकीतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "काय होतंय?"

"चक्कर आलीय," वन्सं म्हणाल्या.

त्याने नंबराचा कागद दिला आणि बाकाकडे बोट केलं. आम्ही बसलो. खरं सांगते, बसलो. समोर खोकणारी माणसं, बोटाला पट्टी बांधलेली माणसं, एकेकाचा नंबर पुकारत होते. मास्तरांचे डोळे अर्धे मिटले, तशी मी उठले आणि खिडकीची काच तळहाताने बडवली.

"चक्कर नाही. तोंड वाकडं झालंय, बोलता येत नाही, उजवा हात उचलत नाही."

आता त्याने वर बघितलं. "मग हे आधी सांगायचं ना," म्हणाला, आणि फोन उचलला. त्यावर मी काय म्हटलं ते इथे सांगण्यासारखं नाही.

त्यानंतर मात्र सगळे पळायला लागले. एक तरुण डॉक्टरीणबाई आली. हसून दाखवा, दोन्ही हात वर करा, माझं बोट धरा. उजवीकडचं काहीच जमेना. मला विचारलं, वजन किती? मी म्हटलं, छाती चाळीस, कंबर अडतीस, बाही चोवीस. वजन माहीत नाही. ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली आणि नर्सला म्हणाली, वजनाची खाट आणा.

मेंदूचा फोटो काढायच्या यंत्रावर आधीच कुणीतरी होतं. बंद दाराबाहेर आम्ही उभे. डॉक्टरीणबाईने दोनदा दार उघडून आतल्यांना घाई केली. तिचा चेहरा बघून मला कळत होतं की इथे एकेक मिनिट मोलाचं आहे, आणि आम्ही तर ती ओंजळीने सांडत आलो होतो.

शेवटी फोटो झाला. ती बाहेर आली आणि भराभर बोलायला लागली. "डोक्यात रक्तस्राव नाही, हे चांगलं आहे. गुठळी अडकलीय. ती विरघळवायचं इंजेक्शन आहे आमच्याकडे. पण ते त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. उशिरा दिलं तर डोक्यात रक्तस्राव होऊन जीव जाऊ शकतो. म्हणून नीट आठवून सांगा. हे शेवटचं नीट कधी बोलले?"

भिंतीवरच्या घड्याळात चारला पाच मिनिटं कमी होती.

"जेवण झाल्यावर," मी म्हटलं. "दोन वाजता."

"स्पष्ट? पूर्ण वाक्य?"

"दोन वाक्यं बोलले. दुमड दीड इंच ठेव आणि डोळे दुखत असतील तर पड जरा."

"मग भरपूर वेळ आहे," ती म्हणाली. नर्सने बाटली काढली, दुसरीने दंडाला पट्टा बांधला. रक्तदाब फार वर होता, तो खाली आणायला आधी दुसरं औषध दिलं. माझ्या जिवात जरा जीव आला. म्हटलं, सुटलो. आणि वन्संनी माझा दंड धरला.

"थांबा हो बाई," त्या डॉक्टरीणबाईला म्हणाल्या. "तो नाही बोलला. मी बोलले."

कुणालाच काही कळलं नाही. मलाही.

"तो नुसतं हूं हूं करत होता. मला काही समजलं नाही. मीच सांगितलं हिला."

"दीड इंच?" मी विचारलं.

"दीड इंच तर तू नेहमीच ठेवतेस."

"आणि पड जरा?"

वन्सं माझ्याकडे बघेनात. "ते मीच. तुमच्यात असं झालं की मी घालते काहीतरी पदरचं. नाहीतर तुम्ही दोघं महिना महिना ताणाल."

"म्हणजे सव्वीस वर्षं जे जे मला..."

"काही त्याचं," वन्सं म्हणाल्या. "बरंचसं माझं."

"ते नंतर," डॉक्टरीणबाई मध्येच म्हणाली. "तुमच्याशी शेवटचं खरंखुरं कधी बोलले?"

"दुकान उघडताना. कुलूप घट्ट झालंय म्हणाला."

दुकान आम्ही साडेनऊला उघडतो. मी तसं सांगितलं. डॉक्टरीणबाईने नर्सकडे बघून मान हलवली आणि नर्सने हातातली बाटली परत ट्रेमध्ये ठेवली. अलगद ठेवली, तरी तो टक् आवाज माझ्या काळजात गेला.

माझा तोल गेला. "गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं? दिलं असतं त्यांनी औषध."

"आणि त्यात तो गेला असता तर?" वन्सं म्हणाल्या. "दुमडीचं खोटं चालतं गं. हे कसं चालवू?"

"त्यांनी सांगितलं ते बरोबर केलं," डॉक्टरीणबाई म्हणाली. "आता भांडू नका, आठवा. साडेनऊनंतर कुणी गिऱ्हाईक आलं होतं? कुणाशी फोनवर बोलले? तुम्ही दिवसभर तिथेच होतात ना? तुम्ही स्वतःच्या कानांनी काय ऐकलंत?"

मला माहीत होतं, चांगलंच माहीत होतं. पण ते सांगायचं म्हणजे आपणच आपल्या थोबाडीत मारून घ्यायची. वन्संच्या दीड इंचावर विसंबून मी ते दुपारपासून खाली दाबून ठेवलं होतं.

"फोन केला होता," मी म्हटलं. "जेवणाच्या आधी. मशीनवाल्याला."

"काय बोलले?"

"म्हणाले, ते काजाचं मशीन दाखवायला आणा. किमतीचं नंतर बघू. माझ्या हट्टापायी बायकोचे डोळे चाललेत."

वन्संनी तोंडावर हात ठेवला. "हे मला नव्हतं ऐकू आलं."

तुम्ही मागे पाणी भरत होतात, म्हटलं. मला ऐकू आलं. शब्दन् शब्द, खणखणीत. अबोला असला की माझे कान जास्तच उघडे असतात. ऐकलं आणि मी मान वर केली नाही. मनात म्हटलं, मशीनवाल्याला काय सांगता, मला सांगा. माझ्या तोंडावर सांगा, तोवर मी बघणारसुद्धा नाही. आणि नाहीच बघितलं. फोनसाठी काढलेल्या टाचण्या उशीत खोचलेल्या होत्या, त्या परत तोंडात गेल्याच नाहीत. दुपारचं ते सगळं पुटपुटणं मोकळ्या तोंडाचं होतं. एकदा, फक्त एकदा मान वर केली असती तर मला दिसलं असतं.

हे मी सगळं मोठ्याने बोलले की मनात, मला आठवत नाही. डॉक्टरीणबाईने एवढंच विचारलं, "फोन कुठाय त्यांचा?"

फोन त्यांच्या खिशात होता, खडूने माखलेला. उघडायला अंगठा लागतो, आणि तोही उजव्याच हाताचा. मी तो हात उचलला. पाण्यात भिजलेल्या कापडासारखा जड लागला, पण ऊन होता. तीन दिवसांत मी त्यांना हात लावला नव्हता. अंगठा काचेवर टेकवला, फोन उघडेना. खडू. मी त्यांचा अंगठा माझ्या बाहीला पुसला आणि पुन्हा टेकवला.

मशीनवाल्याचा नंबर दिसला. बारा वाजून दहा मिनिटांनी केलेला, सहा मिनिटं चाललेला.

डॉक्टरीणबाईने बोटांवर हिशेब केला. "पावणेपाचपर्यंत. पण मला त्या माणसाकडून खात्री हवी."

तिने नंबर लावला. लागला नाही, तो दुसऱ्याशी बोलत होता. पुन्हा लावला. पुन्हा तेच. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून मी मास्तरांच्या शर्टाच्या बटणाकडे बघत राहिले. ते मीच लावलेलं होतं. तिसऱ्यांदा त्याने उचलला.

"अहो मास्तर, किती घाई करता, उद्या आणतो म्हटलं ना."

डॉक्टरीणबाईने आपण कोण ते सांगितलं आणि विचारलं, दुपारी मास्तर कसे बोलत होते? अडखळत होते का?

"मास्तर आणि अडखळत?" तो म्हणाला. "मला दोनदा दरडावलं, आजच आणा म्हणून. काय झालं त्यांना?"

तिने फोन माझ्या हातात दिला आणि नर्सला म्हणाली, "द्या."

पहिला डोस गेला, मग उरलेलं औषध नळीतून हळूहळू सोडलं. हमी नाही, ती म्हणाली. काहींना लगेच फरक पडतो, काहींना थोडा, काहींना नाही. पण वेळेत मिळालं, एवढं मी सांगू शकते. वन्सं भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं. राग होता, नाही असं नाही. पण त्या बोलल्या नसत्या तर मी त्या फोनचं नाव काढलं नसतं, आणि मास्तरांच्या शिरेत काय गेलं असतं आणि कोणत्या भरवशावर, ते मला आता कळत होतं.

एक नर्स आमच्याजवळ थांबली. दर थोड्या वेळाने रक्तदाब बघायची, पाय हलवून बघायची. मला म्हणाली, "त्यांच्याशी बोलत राहा. बोलणं सुधारतंय की बिघडतंय, ते मला लगेच सांगायचं."

मी खाटेजवळ गेले. मास्तर डोळे उघडून माझ्याकडे बघत होते. सवयीने माझ्या तोंडातून निघून गेलं, "वन्सं, त्यांना विचारा, कसं वाटतंय."

"मी नाही विचारणार," वन्सं म्हणाल्या. "तूच विचार."

"अहो," मी म्हटलं. बस, एवढंच. मग म्हटलं, "मी सगळं ऐकलं होतं. फोनवरचं. ऐकून गप्प बसले मी."

त्यांचे ओठ हलले. काहीतरी आलं, जाडंभरडं, अर्धं लाळेत बुडालेलं. मी वन्संकडे बघितलं.

"काय म्हणाले?"

"मला नाही कळलं," वन्सं म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. "खरंच नाही कळलं गं."

मी वाकले. कान त्यांच्या तोंडाशी नेला, इतका की त्यांचा श्वास कानाला लागला. "पुन्हा बोला."

ते बोलले. मला कळलं नाही. "पुन्हा." पुन्हा बोलले. चौथ्या की पाचव्या वेळी अक्षरं जरा सुटी झाली.

"पाणी."

मी नर्सकडे वळले. ती म्हणाली, सुधारतंय, पण पाणी नाही द्यायचं, गिळता येतंय का ते तपासल्याशिवाय घोटभरही नाही, ठसका लागेल.

"नाही मिळणार," मी त्यांना म्हटलं. "पाणी नाही मिळणार तुम्हाला."

तीन दिवसांनी त्यांना थेट उत्तर दिलं ते हे. त्यांच्या कपाळाला आठी पडली. उजवा हात अजून तसाच पडून होता, पण आठी मात्र अगदी जुनी, मशीनच्या भांडणातली. त्यांनी तोंड मिटून घेतलं आणि मान भिंतीकडे वळवली.

मी खाटेला वळसा घालून भिंतीच्या बाजूला गेले आणि त्यांच्या तोंडासमोर उभी राहिले.

"रागवा," म्हटलं. "हवं तेवढं रागवा. पण बोलून रागवा. गप्प बसायचं नाही आता."